मुलींची मराठी, मुलांची इंग्रजी

मराठीतून उच्च शिक्षण देता येईल का, या प्रश्नावर महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ शाई खर्च झाली आहे. त्या वादाचा इतिहास सांगताना जगन्नाथ शंकरशेट, न्यायमूर्ती रानडे अशी मोठी नावे घेतली जातात. मुंबईचे एज्युकेशन बोर्ड, विद्यापीठाची सिनेट, सरकारी खलिते यांचाही उल्लेख येतो. पण पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून देऊन पाहण्याचे धाडस ज्या संस्थेने पहिल्यांदा केले, ती मुलांची नव्हती. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले आणि मातृभाषा हेच त्याचे माध्यम ठरवले. महाविद्यालयात पहिल्या वर्षी पाच विद्यार्थिनी होत्या. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी, १९१८ मध्ये सुरू झाले. मातृभाषेच्या चळवळीला या गोष्टीचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. मात्र त्या अभिमानाबरोबर एक अवघड प्रश्नही येतो. हा प्रयोग मुलींच्याच शिक्षणात आधी का झाला? माझे उत्तर असे आहे की मुलींच्या पदवीवर नोकरी, अधिकार किंवा घराची मिळकत यांपैकी काहीच अवलंबून नव्हते, आणि म्हणूनच समाजाने तो होऊ दिला. पुढे त्या प्रयोगाच्या वाट्याला जे अपयश आले त्याचे मूळही याच परिस्थितीत आहे. मराठीच्या कुवतीशी त्याचा संबंध नव्हता.

वादाची सुरुवात मुलांच्या शाळांवरून झाली. १८४३ पासून मुंबई इलाख्याच्या एज्युकेशन बोर्डाचे अध्यक्ष असलेले सर अर्स्किन पेरी यांना थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे असे वाटत होते. बोर्डाचे सदस्य शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे उलट होते. ज्ञान सामान्य रयतेपर्यंत पोचवायचे असेल तर ते तिच्या भाषेतूनच पोचेल, असे शंकरशेटांनी १८४७ च्या सुमारास लेखी मांडले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही पक्षांना थोडे थोडे देऊन तडजोड केली. खाली देशी भाषा आणि वर इंग्रजी अशी उतरंड त्यातून तयार झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि पहिल्या काही वर्षांतच मराठी-गुजरातीसारख्या भाषा वरच्या परीक्षांतून गळाल्या. त्यांना परत आणण्यासाठी रानड्यांनी १९०१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत खटपट केली. या चर्चेत ‘विद्यार्थी’ म्हटला की डोळ्यांपुढे मुलगाच येई. मुलींच्या शाळा मराठी असणार हे सगळ्यांनी गृहीत धरले होते, त्यामुळे त्यावर कोणी बोलतच नव्हते. आणि जे गृहीत धरलेले असते त्याची कारणे कोणी विचारत नाही, म्हणून इतिहासकाराने ती आवर्जून विचारायला हवीत.

मराठीची मुलींच्या शाळेतली सुरुवात मात्र तेजस्वी होती, हे आधी सांगितले पाहिजे. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८५१-५२ मध्ये आणखी शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. त्या सत्काराचे प्रमुख होते मेजर कँडी, म्हणजे मराठी कोश आणि पाठ्यपुस्तके यांच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे तेच गृहस्थ. या शाळांत लेखन, वाचन, व्याकरण, गणित, भूगोल, इतिहास हे विषय मराठीतून शिकवले जात. त्यातून काय घडू शकते याचा पुरावा १८५५ च्या ‘ज्ञानोदया’त छापलेला आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या नियतकालिकात दोन भागांत आला. तिच्या आधीच्या पिढ्यांत अक्षर ओळखणारे बहुधा कोणी नव्हते. अशी मुलगी काही वर्षांच्या शाळेनंतर जातिव्यवस्थेवर सुसंगत, धारदार गद्य लिहिते. घरची भाषा शाळेची भाषा झाली की विचार मांडायला किती कमी वेळ लागतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. इंग्रजी शाळेत तेवढ्याच काळात मूल स्पेलिंगांशीच झगडत राहिले असते.

पण याच शाळांच्या शिक्षिकेचे दुसरे म्हणणेही ऐकले पाहिजे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी, असा स्पष्ट उपदेश त्यातील कवितांत आहे. ज्या बाई स्वतः मराठीतून शिकवत होत्या, मराठीतच कविता लिहीत होत्या, त्यांनाच आपल्या लोकांसाठी इंग्रजीही हवी होती. यात विसंगती मुळीच नाही. मराठी हे शिकण्याचे साधन होते. सत्ता, न्याय आणि नोकरी जिथे होती तिथे जाण्याचा रस्ता मात्र इंग्रजीतून जात होता. फुले दांपत्याला या दोन्ही गोष्टी एकदमच लागणार हे कळले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असा अभ्यासक्रमही त्यांनी सुचवला. शेतकऱ्याच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर उधळला जातो, ही त्यांची तक्रार होती. ती इंग्रजीविरुद्ध केलेली तक्रार समजणे चूक ठरेल. इंग्रजी कोणाला मिळते आणि तिचा खर्च कोण सोसतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. ती साक्ष पुढे इंग्रजीत भाषांतरित झाली. डॉक्टर होण्याचा रस्ता मराठीतून जात नाही, हे रमाबाईंसह सगळ्यांना माहीत होते.

मुलींच्या शिक्षणातली मराठी पुढच्या काही वर्षांत एका वेगळ्या पक्षाच्या हाती गेली आणि तिचा अर्थच बदलला. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे इंग्रजी शिकवली जाई, मुलांच्या शाळेसारखेच विषय असत आणि शाळा दिवसभराची होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी त्यावर टीकेची झोड उठवली. १८८७ मध्ये टिळकांनी या शाळेच्या शिक्षणक्रमावर ‘केसरी’त लेख लिहिले. मुलींना मराठी, नीती, शिवणकाम असे संसाराला उपयोगी पडणारे शिक्षण पुरे आहे, शाळेची वेळही घरकामाला अडथळा न येईल अशी थोडकी असावी, असा त्यांचा एकंदर सूर होता. आता एक गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात जी शाळा काढली ती १ जानेवारी १८८० रोजी सुरू झाली आणि तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल होते. त्यानंतर पाच वर्षांनी फर्ग्युसन कॉलेज आले. मुलांच्या राष्ट्रीय शिक्षणात इंग्रजीचे स्थान या मंडळींना निर्विवाद वाटत होते. मुलींच्या बाबतीत तीच भाषा त्यांना घर मोडणारी वाटली.

यावर असा आक्षेप घेता येतो की हा वाद भाषेचा नसून संस्कृतिरक्षणाचा होता. परकी सत्ता घराबाहेर सगळीकडे पोचली असताना निदान घर आपले राहावे, अशी ती भावना होती असे म्हटले जाते. ती भावना खोटी नव्हती. पण तिची किंमत कोणी भरायची हे ठरवताना ज्यांनी ती भरायची त्यांना विचारले गेले नाही. त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारका’तून स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे असे लिहीत होते. म्हणजे काळाची मर्यादा म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही. त्याच काळात, त्याच शहरात, त्याच मित्रमंडळात दुसरे मत ठामपणे मांडले जात होते. आणि मराठीवरच्या प्रेमातून मुलींसाठी मराठीचा आग्रह धरला असे म्हणावे, तर तो आग्रह मुलांसाठीही धरला गेला असता. तो धरला गेला नाही. ‘मुलींना मराठी पुरे’ या भूमिकेत मराठीचा गौरव नव्हता, मुलींची झेप कुठवर असावी याची रेघ होती.

ती रेघ घराघरांत कशी ओढली जात होती हे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात तपशिलाने आले आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीला आधी मराठी शिकवली, मग इंग्रजी. घरातल्या बायकांचा रोष दोन्हींवर होता, पण इंग्रजीवर तो अधिक तिखट होता. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी निवेदन वाचले, त्याबद्दल घरी आल्यावर त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. इंग्रजी बोलणारी बाई सार्वजनिक होते, पुरुषांच्या आणि सरकारच्या कक्षेत जाते, हे त्या रागामागचे भय होते आणि ते निराधार नव्हते. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियाला इंग्रजीत पत्रे लिहिली आणि बालविवाहाचा प्रश्न थेट राज्यकर्त्यांपर्यंत नेला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकन वाचकांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. दुसऱ्या बाजूला काशीबाई कानिटकर घरीच शिकल्या, कादंबरी लिहू लागल्या, त्यांनी मराठीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. त्यांच्या लेखनातून मराठी वाचक बायकांचा एक वर्ग तयार होत गेला. या स्त्रियांकडे पाहिले की दोन भाषांची कामे वेगवेगळी दिसतात. मराठीने त्यांना एकमेकींपर्यंत पोचवले आणि इंग्रजीने न्यायालय, वैद्यकीय विद्यालय आणि परदेशी देणगीदारांपर्यंत. यातले एकच काम स्त्रीसाठी पुरेसे आहे असे ठरवण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न त्या काळी फार थोड्यांनी विचारला.

कर्व्यांकडे याच पार्श्वभूमीवर पाहावे लागते, आणि इथे मात्र निकाल घाईने देता येत नाही. टिळकांची आणि कर्व्यांची भूमिका एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. कर्वे हे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे प्राध्यापक. १८९३ मध्ये त्यांनी शारदासदनातल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळरानावर नेला. त्यांच्यापुढे ज्या मुली येत त्या बहुतेक बालविधवा असत. पंधरा-वीस वर्षांच्या, अक्षरशत्रू किंवा जेमतेम चार बुके शिकलेल्या, आणि स्वतःच्या पायावर उभे राहायला हाताशी थोडी वर्षे असलेल्या. अशा मुलीने आधी सात वर्षे इंग्रजी शिकावी आणि मग त्या भाषेतून इतिहास वाचावा, हा क्रम कर्व्यांना निर्दय वाटला असल्यास नवल नाही. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि आपल्याकडेही असे काही व्हावे हा विचार पक्का झाला. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली आणि सहा महिन्यांत विद्यापीठ उभे राहिले. कुलपतिपद भांडारकरांनी स्वीकारले. गृहीतागमा आणि प्रदेयागमा अशी पदव्यांना संस्कृत नावे मिळाली. इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला. गांधीजींना मातृभाषेचे माध्यम मनापासून पटले होते, इंग्रजीची सक्ती मात्र पटली नव्हती. कर्वे त्यावर ठाम राहिले, आणि हा त्यांचा फार महत्त्वाचा निर्णय होता असे मला वाटते.

तरीही विद्यापीठाच्या दोन आधारस्तंभांपैकी एक माझ्या मते कच्चा होता. पहिला आधार मातृभाषेचे माध्यम. दुसरा आधार असा की स्त्रियांचे कार्यक्षेत्र बहुतांशी वेगळे असल्याने त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा असावा, त्यात गृहव्यवस्था आणि आरोग्य यांना मानाचे स्थान असावे. हे दोन विचार एकाच इमारतीत ठेवल्याने पहिल्याची किंमत दुसऱ्याने कमी केली. मराठी माध्यमाची पदवी म्हणजे बायकांची, हलक्या अभ्यासाची पदवी, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. सरकारने तिला मान्यता दिली नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या आई नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले, गुजराती भाषक मुलींची संख्या वाढली. कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे मुली पदव्या घेत होत्या आणि त्या पदवीने सरकारी जगाची दारे उघडत नव्हती. कर्व्यांच्याच संस्थेतल्या पार्वतीबाई आठवले यांची हकीकत इथे फार बोलकी आहे. त्या कर्व्यांच्या मेव्हणी, प्रौढपणी अक्षर शिकलेल्या, संस्थेसाठी गावोगाव फिरून निधी जमवणाऱ्या. इंग्रजी यावी म्हणून १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. स्त्रियांच्या कर्तव्याबद्दलची त्यांची मते जुन्या वळणाचीच होती, तरी त्या भाषेची ओढ त्यांना इतकी दूर घेऊन गेली. आणि कर्व्यांच्या सूनबाई इरावती हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन बर्लिनला डॉक्टरेट करून आल्या, आणि मग १९३० च्या दशकात महिला विद्यापीठाच्या कुलसचिव झाल्या.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मराठी माध्यमाची पदवी चालली नाही, यावरून उच्च ज्ञान मराठीला पेलत नव्हते असेच सिद्ध होत नाही का? पाठ्यपुस्तके नव्हती, परिभाषा नव्हती, संदर्भग्रंथ इंग्रजीतच होते. हे सगळे खरे आहे. पण उर्दूतही १९१७ मध्ये ते नव्हते. हैदराबादच्या निजामाने उस्मानिया विद्यापीठासाठी सरकारी खर्चाने भाषांतरखाते काढले, विद्वान नेमले, ग्रंथ उतरवून घेतले, आणि उस्मानियात वैद्यक आणि अभियांत्रिकीदेखील उर्दूतून शिकवली गेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे त्या पदवीमागे नोकरी उभी होती. मराठवाड्यातल्या मराठी मुलांनी उर्दू ही घरची भाषा नसतानाही तिच्यातून शिक्षण घेतले, त्याचे कारण हेच. पुण्याच्या महिला विद्यापीठामागे ना संस्थान होते, ना खजिना, ना नोकरी. देणग्या आणि वर्गण्या यांवर एका वयोवृद्ध प्राध्यापकाने तो डोलारा पेलला. दोन प्रयोगांत फरक भाषेच्या क्षमतेचा नव्हता, तिच्यामागे उभ्या असलेल्या सत्तेचा होता. मराठीला ती परीक्षा पुऱ्या साहित्यानिशी देताच आली नाही, आणि परीक्षेला बसवले गेले ते ज्यांच्या निकालाची समाजाला पर्वा नव्हती अशांना.

अलीकडच्या संशोधनाने या इतिहासाला अनपेक्षित जोड दिली आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईच्या दादर भागातील मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकलेल्या मुलामुलींचा साधारण वीस वर्षांचा तपशील गोळा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कामगार जातींतल्या मुलग्यांना घरचे लोक मराठी माध्यमात घालत राहिले, कारण गिरणी आणि तशा कामांत जातभाईंच्या ओळखीने नोकरी लागायची आणि तिथे इंग्रजीची गरज नव्हती. त्याच घरांतल्या मुलींसाठी अशा ओळखींचे जाळे कधीच नव्हते. त्यामुळे नव्या अर्थव्यवस्थेत इंग्रजीची किंमत वाढताच मुली इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि भावांच्या पुढे गेल्या. १८८७ मध्ये ज्या भाषेने मुली बिघडतील असे म्हटले गेले, ती भाषा शंभर वर्षांनी कामगार वस्तीतल्या आईबापांनी मुलींसाठी निवडली. ज्या घरांत रात्रंदिवस मराठीच बोलली जात होती तिथे मराठीच्या तिरस्कारातून हा निर्णय झाला असे म्हणता येणार नाही. ज्या शिक्षणाच्या शेवटी पगार आहे ते शिक्षण त्यांनी घेतले, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कुलात मुलगे पाठवणाऱ्या बापांनी जो हिशेब केला होता तोच त्यांनी केला. मराठी शाळांच्या घटत्या पटाची चर्चा आज पालकांच्या न्यूनगंडावर येऊन थांबते. ती पुढे न्यायची असेल तर मराठीतून शिकलेल्या मुलीला कोणते न्यायालय, कोणते रुग्णालय आणि कोणते कार्यालय तिच्या भाषेत कामावर घेते, इथपासून सुरुवात करावी लागेल.